द्वारकाबाईंचं इंग्रजी गाणं

पोस्टाच्या बचत खिडकीमागं तेहतीस वर्षं बसून दमयंतीबाई चौसाळकर निवृत्त झाल्या, पण पुंडलिकनगरानं त्यांना काही निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाचा फॉर्म अडला, कुणाच्या वारसाचं नाव चुकलं, कुणाला व्याज कमी वाटलं, की माणूस सरळ त्यांच्या जाळीच्या दारात येऊन उभा राही. बाईंनी कधी कुणाला "उद्या या" म्हटलं नाही, आणि समजल्याशिवाय कुणाला सहीही करू दिली नाही. "कळलं का? मग मला सांगा बरं काय कळलं ते," असं म्हणून त्या समोरच्याकडून धडा वदवून घेत. माणसं वैतागत, पण पुन्हा त्यांच्याकडंच येत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीच्या मुलानं, केयूरनं, दिवाळीला मावशीला साडीऐवजी शंभर रुपयांचं बिटकॉइन दिलं. "हे असतं कुठं?" इथून बाईंनी जे प्रश्न सुरू केले ते भाऊबीज झाली तरी संपले नाहीत. चौथ्या दिवशी केयूर फोन उचलेना, तर बाई रिक्षा करून उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी हजर. शेवटी शंभर पानी वही भरत आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं ते असं: नाणं फोनमधल्या पाकिटात आहे असं आपण म्हणतो खरं, पण त्याची किल्ली असते बारा इंग्रजी शब्दांत. नवं पाकीट काढताना ते शब्द समोर येतात, ते कागदावर उतरवून जपायचे. फोन हरवला, फुटला तरी चिंता नाही. पण ते बारा शब्द ओळीनं ज्याला माहीत, नाणं त्याचं. तक्रार करायला खिडकी नाही, खिडकीमागं बाई नाही.

"म्हणजे सगळी जबाबदारी आपली," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना ती गोष्ट एकदम आवडून गेली.

मग हळूहळू ओळखीपाळखीची माणसं विचारू लागली. बाईंनी आपले नियम केले. पहिलं नाणं पाचशे रुपयांच्या वर द्यायचं नाही. देवाणघेवाण समोरासमोर, चहाच्या टेबलावर. शब्द ज्याचे त्यानं लिहायचे, तेवढा वेळ बाई खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसणार. नाणं मिळालं की त्यातलं थोडं बाईंना परत पाठवून दाखवायचं, म्हणजे हात बसतो. आणि सगळ्यांत मोठा नियम: ज्याच्या घरी आपण पाणी प्यायलेलो नाही, त्याच्याशी व्यवहार नाही. हा शेवटचा नियम केयूरच्या मित्रामुळं आला होता. हिमांशू त्याचं नाव. त्यानं फोनवरच्या कुणा अनोळखी माणसाला आपलं नाणं विकलं. पैसे आले, पण ते निघाले कुठल्यातरी फसवणुकीतले, आणि बिचाऱ्याचं बँक खातं चार महिने गोठून राहिलं.

बाईंचे यजमान अनंतराव नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना या नाण्यात काडीचा रस नव्हता, पण येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला चहाच्या आधी ते बजावून सांगत, "विकून नफा झाला तर तीस टक्के कर. रिटर्नमध्ये त्याचा रकाना वेगळा आहे. नंतर मला माहीत नव्हतं म्हणायचं नाही." दोघंजण तर हे ऐकूनच उठून गेले होते. बाकीचे सात जण टिकले. त्यात उस्मानपुऱ्यात औषधाचं दुकान असलेले राजकुमारशेठ होते आणि वरच्या मजल्यावरची शिक्षिका चारुता होती.

आठव्या आल्या त्या मागच्या गल्लीतल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई मूळच्या सोयगावच्या. मुलगा सत्यम वाळूजच्या कंपनीत लागला, त्यानं इथं रो-हाउस घेतलं आणि आईवडिलांना घेऊन आला. वडील रामकिसन महिन्यातले वीस दिवस शेतावरच पळत. द्वारकाबाईंनी मात्र शहर हौसेनं अंगावर घेतलं. दुपारी गोधड्या शिवून विकायच्या, आणि शनिवारी मारुतीच्या देवळात महिला भजनी मंडळात पुढं बसायच्या. गळा असा, की माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

"बाई, ते तुमच्या मोबाइलातलं नाणं मला बी पाहिजेल," त्या दारातूनच म्हणाल्या.

"आत तर या. कशासाठी हवंय?"

द्वारकाबाई सोफ्याच्या कडेला बसल्या. "माजा धाकटा भाऊ हाय सोयगावात, कडुबा. त्याला एक मानूस भेटलाय. आमच्या नाण्यात पैसं घाला, तीन महिन्यात दुप्पट, आसं म्हनतो. कडुबानं घातलं बी, आन् आता गावभर सांगत सुटलाय. मला म्हनतो, आक्का, तू बी घाल. आता मला खरं कसं आसतं तेच ठावं नाय, तर खोटं कसं वळखू? म्हनून म्हनलं आधी खरं बगावं."

दमयंतीबाईंनी चष्मा काढून पुसला. दोन वर्षांत इतकं सरळ कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. श्रीमंत व्हायचंय, पोराला सांगू नका, शेजाऱ्याकडं आहे, असलीच कारणं आजवर ऐकलेली.

"घरी सांगितलंत?"

"नाय. आन् तुम्ही बी सांगू नका. गोधड्यांचं पैसं हायत, माजं सोताचं."

अनंतरावांनी तीस टक्के सांगितले. द्वारकाबाई म्हणाल्या, "नफा तर होऊ द्या, मंग सरकारला बी देऊ," आणि चहाला थांबल्या.

पुढचे चार दिवस शिकवणी चालली. द्वारकाबाई सातवी शिकलेल्या. मराठी वाचायच्या, पण इंग्रजी अक्षरं म्हणजे त्यांच्या लेखी रांगोळीचे ठिपके. बारा शब्द समोर आले तेव्हा दमयंतीबाई नियमाप्रमाणं भिंतीकडं तोंड करून बसल्या, आणि पाठीमागं द्वारकाबाई पाऊण तास एकेक अक्षर बघून गिरवत राहिल्या. मधेच एक सुस्कारा, मधेच "ह्याला शेपटी कुनीकडं?" असा स्वतःलाच प्रश्न. दमयंतीबाईंची मान अवघडली, पण त्या वळल्या नाहीत.

"आता एक अडचण हाय," कागद पोलक्यात खोचत द्वारकाबाई म्हणाल्या. "लिवलं तर खरं, पर वाचायचं कसं? तुम्ही सांगाल?"

"मी मुळीच बघणार नाही."

"मंग मी बगते काय करायचं ते."

त्यांनी केलं ते असं. रोज कागदावरचा एकेक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायचा आणि वेगळ्याच माणसाला विचारायचा. एक नातीला, सायलीला. एक दूधवाल्याला. एक सिटी बसच्या कंडक्टरला, एक दवाखान्यातल्या नर्सला, एक देवळातल्या गुरवाच्या सुनेला. बारा दिवसांत बारा माणसं. कुणालाही एकाहून जास्त शब्द ठाऊक नाही. ही हकिगत त्यांनी नंतर सांगितली तेव्हा दमयंतीबाई तोंडाचा आ करून ऐकत राहिल्या. केयूरच्या इंजिनिअर मित्रांना जे सुचलं नसतं ते या बाईला गोधडी शिवता शिवता सुचलं होतं.

पाचशे रुपयांचं नाणं द्वारकाबाईंच्या फोनवर पोहोचलं त्या दिवशी त्यांनी थोडं परत पाठवून दाखवलं, पुन्हा मागवून घेतलं, आणि तिथूनच कडुबाला फोन लावला. "कडुबा, तुज्या नाण्याला बारा शब्द हायत का रं? नाय? मंग मला दहा रुपयांचं नाणं धाड बरं आत्ता, माज्या फोनवर. धाडता येत नाय? मंग ते हाय कुठं, त्या मानसाच्या खिशात का?" मग कडुबा म्हणाला, आक्का, तू गावाकडं ये, तुला सगळं समजावून सांगतो.

"मीच समजावते त्याला," द्वारकाबाई फोन ठेवून म्हणाल्या.

पण थंडीच्या गोधड्यांच्या कामात त्यांचं सोयगावला जाणं दोन महिने लांबलं. मग एका रविवारी सकाळी दमयंतीबाई मेथी निवडत होत्या. अनंतराव पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. केयूरचा फोन आला.

"मावशी, एक व्हिडिओ पाठवलाय, बघितलास का? मारुतीचं देऊळ दिसतंय, तुमच्याच भागातलं ना?"

दमयंतीबाईंनी व्हिडिओ लावला. देवळाच्या सभामंडपात बायका बसलेल्या, मध्ये टाळ घेतलेल्या द्वारकाबाई. भजन संपून प्रसाद वाटप चाललं असावं. कुणीतरी म्हणतं, "द्वारकाबाई, काहीतरी येगळं म्हना की!" द्वारकाबाई पदर सावरतात, लाजतात, आणि ओवीच्या चालीवर सुरू करतात:

अंकल आला गं दारी, लॅम्प लाव अंगणी
डंकीच्या पाठीवर राइसच्या दोन गोणी
विंडोतून बघते बाई, टिकेट काढी कोण
मँगोच्या डहाळीला पॅरट बसले दोन
डॉक्टर म्हणे बाई, कॉटनची लाव वात
अंब्रेला उघडली, रिव्हर आली दारात

बायका हसून लोटपोट झाल्या होत्या. दुसऱ्यांदा म्हणताना सगळ्यांनी मागून ओढलं, टाळ वाजले, एक म्हातारी तर उठून फेर धरू लागली. व्हिडिओवर लिहिलं होतं, आज्जींचं इंग्लिश भजन.

"किती गोड," दमयंतीबाई म्हणाल्या.

"मावशी, शब्द मोज."

दमयंतीबाईंनी मनात मोजले. अंकल, लॅम्प, डंकी, राइस. विंडो, टिकेट, मँगो, पॅरट. डॉक्टर, कॉटन, अंब्रेला, रिव्हर. त्यांच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"अगं बाई!"

"मला वाटलंच," केयूर म्हणाला. "मंडळातल्या गोजरबाईंच्या पुतण्यानं काल टाकलंय हे. चार हजार लोकांनी बघितलंय. खाली एकानं लिहिलंय बघ, 'आज्जी, ही बारा शब्दांची किल्ली तर नाही ना?' हसायचं चिन्ह टाकलंय, पण उद्या कुणी हसणार नाही. त्यांना सांग, आत्ताच्या आत्ता नाणं दुसऱ्या पाकिटात हलवा म्हणावं."

दमयंतीबाईंनी द्वारकाबाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. चपला घालून त्या मागच्या गल्लीत गेल्या. दारात सत्यम गाडी धूत होता.

"आई आहेत का?"

"आई पहाटेच्या एसटीनं सोयगावला गेली, काकू. मामाकडं. फोन चार्जच केला नव्हता तिनं. काही निरोप होता का?"

निरोप तर होता, पण द्वारकाबाईंनी घरी सांगू नका म्हटलेलं. "भजनाचं होतं काही," असं म्हणून बाई माघारी फिरल्या. खोटं नव्हतं ते, पण खरंही म्हणता येत नव्हतं.

घरी येऊन त्या खुर्चीत बसल्या. केयूरचा फोन पुन्हा आलाच. "मावशी, त्यांची वाट बघत बसू नकोस. शब्द तुला माहीत आहेत. तूच उघड आणि हलव."

"त्यांना न विचारता?"

"विचारायला त्या सापडायला नकोत का?"

दमयंतीबाईंनी फोन टेबलावर ठेवला. तेहतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या पासबुकाचं पानदेखील मालकानं दिल्याशिवाय उलटलं नव्हतं. मान अवघडेपर्यंत भिंतीकडं बघत बसायचं आणि आज त्याच बाईच्या पाकिटात हात घालायचा? उद्या द्वारकाबाई म्हणाल्या, की शिकवायच्या निमित्तानं माझं सगळं काढून घेतलंत, तर तोंड कुठं लपवायचं?

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की," त्या अनंतरावांना म्हणाल्या.

अनंतरावांनी पेन बंद केलं. "शेजाऱ्याच्या घरात धूर दिसला आणि शेजारी गावाला गेला असेल, तर कुलूप तोडतातच. पण तोडण्याआधी पंच बोलवायचे आणि पंचनामा करायचा. आण कागद."

आणि त्यांनी खरोखरच पंचनामा लिहायला घेतला. दिनांक, वार, वेळ सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटं, स्थळ राहते घर, पुंडलिकनगर. वरच्या मजल्यावरून चारुताला हाक मारून दुसरी पंच म्हणून बसवलं. ती बिचारी डोक्याला लावलेलं तेल तसंच ठेवून आली.

अनंतरावांच्या जुन्या फोनवर दमयंतीबाईंनी पाकिटाचं अॅप उघडलं. चारुता व्हिडिओतली एकेक ओळ थांबवून थांबवून वाजवत होती, आणि बाई शब्द टाकत होत्या. प्रत्येक शब्दागणिक वाटत होतं, एखादा चुकावा, हे उघडूच नये, म्हणजे आपली सुटका होईल. पण रिव्हर टाकलं आणि पाकीट निमूटपणं उघडलं.

आत पाचशे नव्हते. सतरा हजारांच्या वर होतं.

"हे कसं काय?" चारुता म्हणाली.

दमयंतीबाईंना एकदम औषधवाले राजकुमारशेठ आठवले, आणि त्यांना फोन केल्यावर खात्रीच झाली. "हो, त्या येतात की दुकानात," शेठ म्हणाले. "दोन गोधड्या विकल्या की आल्या. तुम्ही पाठवलंय म्हणाल्या, म्हणून मी दिलं. घरी नेऊन जेवायलाही घातलं त्यांनी मला. लसणाची चटणी काय होती!" म्हणजे पाणी पिण्याचा नियम द्वारकाबाईंनी जेवणापर्यंत नेला होता, आणि पाचशेचा नियम पहिल्या नाण्यापुरताच धरला होता. सबंध थंडीच्या गोधड्या त्या गाण्यात होत्या.

आता मात्र बाईंनी मागंपुढं पाहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या फोनवर एक नवं, रिकामं पाकीट काढलं, आणि द्वारकाबाईंचं होतं नव्हतं ते सगळं तिकडं धाडलं. पाठवलेलं पक्कं व्हायला वेळ लागतो. तिघंही टेबलाभोवती बसून त्या फोनकडं बघत राहिले, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे. पंचवीस मिनिटांनी खूण उमटली. अनंतरावांनी पंचनाम्यावर वेळ टाकली, तिघांनी सह्या केल्या आणि चारुता न्हायला गेली.

दिवसभर दमयंतीबाईंचं कशात लक्ष लागेना. मेथीत मीठ दोनदा पडलं. दर तासाला फोन लावत होत्या. संध्याकाळी दिवेलागणीला तो एकदाचा लागला, पण पलीकडून नुसती घरघर. "द्वारकाबाई, ऐका, तुमचं ते आहे ना, ते माझ्याकडं..." "हॅलो? कोन? बाई व्हय? काय बी ऐकू येत नाय. उद्या येते दुपारी!" आणि फोन कटला. मग पुन्हा काही लागला नाही.

"त्यांनी एव्हाना पाकीट उघडून बघितलं असेल," बाई म्हणाल्या. "शून्य दिसलं असेल. काय वाटलं असेल त्या बाईला!"

"पंचनामा आहे ना," अनंतराव म्हणाले.

"अहो, पंचनाम्यानं मन भरतं का कुणाचं?"

सोमवारी दुपारी जाळीचं दार वाजलं. द्वारकाबाई उभ्या होत्या, एका हातात वांग्याची पिशवी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाची. चेहरा नेहमीसारखा, उन्हानं थोडा रापलेला. दमयंतीबाईंनी त्यांना बसूही दिलं नाही.

"द्वारकाबाई, तुमचं नाणं मी काढलंय. मला माफ करा. म्हणजे चोरलं नाही, ठेवलंय. सगळं आहे. तुमचं ते गाणं..."

"व्हय, मला ठावं हाय," द्वारकाबाई पिशव्या खाली ठेवत म्हणाल्या. "आधी पानी द्या."

त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. मग सांगू लागल्या. "काल सांजच्याला कडुबाच्या ओसरीवर धा-पंधरा मानसं जमली व्हती. तो दुप्पटवाला मानूस बी आला व्हता, पांढरी पँट घालून. म्हनलं, दाखवावं यांना खरं कसं आसतं. फोन चार्ज केला, उघडला, तर शून्य! समद्यांच्या म्होरं. कडुबा हसाया लागला. म्हनला, आक्का, गेलं तुजं, आता बस बोंबलत. तो पांढरी पँटवाला बी हसला. म्हनला, मावशी, म्हनून तर आमच्याकडं यायचं."

"अरे देवा," दमयंतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"मी म्हनलं, जायचं कुठं? दमयंतीबाईनं काढलं आसंल."

"पण तुम्हाला कसं कळलं मीच काढलं?"

"नाण्याचं मला तुम्ही शिकवलं. त्यातलं काही हललं तर तुमालाच ठावं आसनार. आन् तुम्ही काढलं म्हंजी काय तरी कारन आसंल. येवढं डोक्यात आलं आन् मी निवांत झाले. झोप बी लागली बगा चांगली."

दमयंतीबाई रात्रभर तळमळलेल्या. त्यांना एकदम राग आला आणि रडूही आलं. "अहो, असा कुणावर विश्वास ठेवायचा नसतो! चार दिवस मी हेच शिकवलं ना तुम्हाला? शब्द कुणाला सांगायचे नाहीत, कुणावर विसंबायचं नाही..."

"आन् घ्यायचं कुनाकडनं म्हनला व्हता?"

"ओळखीच्या माणसाकडून."

"मंग!" द्वारकाबाई म्हणाल्या. "तेच सांगितलं मी कडुबाला. म्हनलं, माजं गेलं तर मला ठावं हाय कुनाच्या दारात जायचं. उद्या तुजं गेलं तर तू कुनाच्या दारात जाशील रं? ह्या पांढऱ्या पँटचं घर कुठं हाय? सांगा हो, तुमचं घर कुठं? तो म्हनला, संभाजीनगरात. म्हनलं, मी बी तिथलीच. कंची गल्ली? आमच्या मंडळाच्या बाया समद्या शहरात भजनाला जात्यात, एखादी वळखंल. तर त्याला एकदम फोनच आला कुनाचा तरी. गाडीला किक मारली आन् गेला. च्या बी नाय घेतला."

अनंतराव खो खो हसले. दमयंतीबाईंनीही पदर तोंडाला लावला.

"कडुबाचे पैसे?"

"त्यातलं मिळतील का नाय देवाला ठावं. पर दुसरा हप्ता आज भरनार व्हता, तो नाय भरला. आन् गावातल्या चार जनींनी त्याला द्यायला काढून ठेवलेलं पैसं बँकेत नेऊन टाकलं." मग द्वारकाबाईंनी आवाज खाली केला. "पर बाई, तुम्ही का काढलं ते सांगा आता. गान्याचं काय म्हनत व्हता?"

दमयंतीबाईंनी व्हिडिओ दाखवला. एव्हाना बघणारे अकरा हजार झाले होते. द्वारकाबाई स्वतःला बघून आधी खूष झाल्या, मग हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं.

"मला वाटलं, इतक्या शब्दांत बारा शब्द कोन वळखनार? आन् कागदाचं मला भ्या वाटतं. कागदाला उंदीर खातो, पोरं फाडत्यात. गळ्यातलं कोन काढनार? म्हनून गानं केलं. घरातच म्हनायचे, पर त्या दिवशी बाया लई मागं लागल्या..." त्यांनी जीभ चावली. "चुकलं."

"गाणं मात्र फार छान आहे," अनंतराव म्हणाले, आणि घसा खाकरून त्यांनी उभ्यानं पंचनामा वाचून दाखवला. दिनांकापासून सह्यांपर्यंत. द्वारकाबाईंनी सगळं शांतपणं ऐकून घेतलं, कागदाची घडी घातली आणि पोलक्यात खोचली. "हे मातर मी जपून ठेवनार," त्या म्हणाल्या. "माज्या नावाचा सरकारी कागद पयल्यांदाच हाय."

त्याच दुपारी नवं पाकीट निघालं. दमयंतीबाई पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसल्या, द्वारकाबाई पुन्हा ठिपके गिरवू लागल्या. या वेळी कागद दोन झाले. एक घरातल्या लोखंडी पेटीत, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये शेताच्या सातबाऱ्याबरोबर. सतरा हजारांचं नाणं नव्या पाकिटात गेलं, आणि दमयंतीबाईंच्या छातीवरची धोंड उतरली. वांग्याचं भरीत झालं, भाकरी द्वारकाबाईंनी थापल्या, केयूर उस्मानपुऱ्याहून मुद्दाम जेवायला आला. त्याला द्वारकाबाईंनी समोर बसवून खरं गाणं म्हणून दाखवलं. आता त्या बारा शब्दांत काही उरलं नव्हतं, कुणीही गावं.

पंधरा दिवसांनी कडुबा आला. चाळिशीचा, अंगानं आडवा माणूस, पण दारात असा उभा राहिला की शाळेत उशिरा पोहोचलेला मुलगा वाटावा. मागं द्वारकाबाई.

"चल की आत," त्या म्हणाल्या. "बाई, हा माजा भाऊ. ह्याला पाचशेचं पाहिजेल. मीच देनार हाय, तुम्ही नुस्तं बसा."

दमयंतीबाई बसल्या. त्यांना पहिल्यांदाच काही करायचं नव्हतं. द्वारकाबाईंनी भावाला टेबलाशी बसवलं, स्वतः अनंतरावांच्या आवाजात तीस टक्के कर सांगितला, त्याच्या फोनवर पाकीट उघडून दिलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं. कडुबा घाम पुसत लिहू लागला.

"आक्का, ह्या अक्षराला शेपटी कुनीकडं?"

"मी बगनार नाय. नीट बग आन् लिव."

"बारा झाले."

"किती कागदावर?"

"एका."

"दुसऱ्यावर बी लिव. पाठ करू नको, कुनाला दाखवू नको, फोटू काढू नको. कळलं का? मंग मला सांग बरं काय कळलं ते."

कडुबानं सगळं म्हणून दाखवलं. एक नियम विसरला तर द्वारकाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. मग त्यांनी आपल्या फोनवरून पाचशेचं नाणं पाठवलं. पाठवलेलं पक्कं होईपर्यंत करायला काही नव्हतं, तेव्हा दमयंतीबाई उठल्या आणि पाच कप चहा टाकला, कारण वरच्या मजल्यावरून चारुताही बघायला खाली आली होती.